घरपट्टी : पावती आणि हक्क



इतिहासग्रंथांत जमीनमहसुलाला प्रकरणेच्या प्रकरणे लाभतात. घरपट्टीच्या वाट्याला जेमतेम एखादे वाक्य येते. वस्तुतः मराठेशाहीच्या दफ्तरांत मोहतर्फ्याच्या जोडीने ही पट्टीही आढळते.

1836 साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्या जमाबंदीचा पाया घातला. त्या पद्धतीने शेताशेताची मोजणी होऊन सर्व्हे नंबर पडले. गावठाण मात्र सामान्यतः या तपशीलवार मोजणीबाहेर राहिले, कारण तेथून शेतसारा यावयाचा नव्हता. शेताला उतारा मिळाला. घर कागदाविना राहिले.

ती पोकळी घरपट्टीच्या पावतीने भरून काढली. महाराष्ट्रात 1958 च्या आणि आपल्या बेळगाव भागात कर्नाटकाच्या 1993 च्या अधिनियमाने इमारतींवर कर बसविण्याचा अधिकार ग्रामपंचायतीकडे आहे. खेडूत ती पावती पेटीत जपतो आणि तिलाच मालकीपत्र मानतो. न्यायालये मात्र सांगत आली आहेत की, करनोंद ही वसुलीसाठी असते. तिने ताब्याला पुष्टी मिळेल, मालकी सिद्ध होत नाही. भाऊबंदकीच्या दाव्यात हा भेद उमगतो, तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो.

2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने ड्रोनद्वारे गावठाणे मोजावयास घेतली. 1836 ची उणीव 184 वर्षांनी भरू लागली, असे म्हणावयास हरकत नाही.

माजी विद्यार्थ्यांनो, गावी जाल तेव्हा पंचायतीतील नोंद अवश्य पाहा. तेथे अद्याप आजोबांचेच नाव असेल, तर वारसांनी एकत्र बसून तो कागद आपल्या हयातीतच दुरुस्त करून घ्यावा.