पॉवर स्टिअरिंगची पाव शतकाची प्रतीक्षा

१/ जुन्या मोटारीच्या इंजिनाला पट्ट्यावर फिरणारा पंप जोडून तिचे जड स्टिअरिंग आज हलके केले जाते. ही युक्ती मात्र अशा अनेक मोटारींहून जुनी आहे.

२/ फ्रान्सिस डेव्हिस हे पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागातील अभियंते. नोकरी सोडून त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथे प्रयोग आरंभले. १९२६ मध्ये त्यांनी आपली यंत्रणा बसवलेली मोटार चालवून दाखवली.

३/ या यंत्रणेत झडप एरवी उघडी असते आणि पंपाने ढकललेले तेल मोकळे वाहत राहते. स्टिअरिंग फिरवताच झडप तेलाची वाट अडवते, दाब वाढतो आणि तो चाके वळवण्यास हातभार लावतो.

४/ जनरल मोटर्सने डेव्हिस यांच्याशी करार केला. परंतु महामंदीत खर्च परवडेना, म्हणून १९३४ मध्ये तो मोडला. दुसऱ्या महायुद्धात ही यंत्रणा चिलखती गाड्यांत वापरली गेली.

५/ १९५१ मध्ये क्रायस्लरने ‘इंपीरियल’मध्ये पॉवर स्टिअरिंग आणले, तेही डेव्हिस यांच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारे. स्पर्धक पुढे गेल्यावरच जनरल मोटर्सला डेव्हिस यांची पुन्हा आठवण झाली.