गलबताचा तळ

इतिहासावरील व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राज्याभिषेक उभे राहतात. आज ज्या वस्तूविषयी आम्हांला बोलावयाचे आहे, ती सहसा कोणाच्या दृष्टीसच पडत नाही. कारण ती सदैव पाण्याखाली असते. ती वस्तू म्हणजे लाकडी गलबताचा तळ. हा विषय आम्हांला ग्रंथालयात सुचला नाही, घरच्या हौदावर सुचला.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातील मुलांनी खोक्याच्या फळ्यांची हातभर लांबीची एक नौका केली. डोलकाठी, शीड, सुकाणू, सारे यथासांग. बाहेरून दोन हात रंग दिला आणि मोठ्या समारंभाने ती हौदात सोडली. पाऊण तासात नौका एका बाजूस कलली व बुडाली. शेजारचे वृद्ध सुतार हे सारे पाहत होते. मुलांनी विचारले, "मामा, रंग तर दोनदा दिला होता, मग पाणी आलं कुठून?" त्यांनी नौका उलटी केली, फळ्यांच्या टोकांवर बोट ठेवले आणि म्हणाले, "पोरांनो, लाकूड तोंडानं पाणी पितं. तुम्ही त्याची पाठ रंगवलीत, तोंड उघडंच ठेवलंत."

या एका वाक्यात नौकाबांधणीचा निम्मा इतिहास आहे. लाकडाच्या नळ्या झाडाच्या उंचीच्या दिशेने धावतात; म्हणून फळीच्या पृष्ठभागातून पाणी हळूहळू शिरते, टोकांतून मात्र भराभर. भिजले की लाकूड फुगते, वाळले की आकसते, आणि या फुगण्याआकसण्यात सांधे सुटतात. त्यात समुद्राच्या पाण्यात आणखी एक शत्रू असतो: लाकूड पोखरणारा टेरेडो. त्याला किडा म्हणतात, पण तो शिंपल्याच्या जातीचा प्राणी आहे, हे १७३३ साली सेलियस या विद्वानाने दाखविले. त्याच्या दोन वर्षे आधी, १७३१ मध्ये, याच प्राण्याने हॉलंडच्या समुद्रबांधांची लाकडे पोखरून त्या देशाची झोप उडविली होती. कोलंबसाची चौथी सफर संपली तीही याच्यामुळे. चाळणी झालेली जहाजे १५०३ साली जमेकाच्या किनाऱ्यावर चढवून त्याला तेथे वर्षभर अडकून पडावे लागले. तेव्हा तळ बळकट करणे व जलरोधक करणे या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. बाहेरून धडधाकट दिसणारी फळी आतून पोकळ असली तर वरच्या लेपाचा काय उपयोग?

आमच्या पश्चिम किनाऱ्यावरील व अरबी समुद्रावरील लोकांनी या प्रश्नाला दिलेले पहिले उत्तर आज चमत्कारिक वाटेल. ते जहाजे शिवीत. फळ्यांच्या कडांना भोके पाडावयाची, त्यांतून काथ्याची दोरी ओवावयाची, भोके बुजवावयाची, आणि एक फळी दुसरीस टाक्यांनी जखडावयाची. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रंथात ओमानाहून अरबस्तानात जाणाऱ्या शिवलेल्या होड्यांचा उल्लेख आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मूझ बंदरात अशी जहाजे पाहिली आणि नाक मुरडले. खिळे नाहीत, डांबर नाही, नुसते माशाचे तेल चोपडलेले. अशा जहाजातून प्रवास करणे धोक्याचे, असा त्याचा अभिप्राय. आम्हांला वाटते, व्हेनिसच्या या गृहस्थाने थोडी घाई केली. शिवलेले जहाज लवचिक असते. वाळूवर आदळले तर खिळ्याचे जहाज फुटते, हे मात्र थोडे वाकून सावरते. ज्या किनाऱ्यावर लाटांतून थेट वाळूवर चढावे लागते तेथे हा मोठाच गुण होय. भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथात समुद्रगामी नौकेस लोखंड वापरू नये असे सांगितले असून, समुद्रातील लोहचुंबक ते ओढून घेईल असे त्याचे कारण दिले आहे. कारण अर्थातच खोटे. पण खारे पाणी लोखंड खाते हे खरे आहे, आणि पुष्कळदा लोकांची रीत बरोबर असते व तिचे सांगितलेले कारण चुकलेले असते.

कोकणात पुढे खिळ्यांची गलबते आली, तरी लेपाची विद्या तीच राहिली. सांध्यांत कापूस किंवा काथ्या ठोकून भरावयाचा, वरून राळ तेलात कढवून ओतावयाची. फळ्यांना उंडीचे किंवा मुशीचे तेल पाजावयाचे. तळाला चुना व चरबी यांचा लेप द्यावयाचा. वर्षातून एकदा, पावसाळ्यात, होड्या वाळूवर ओढून झापांखाली ठेवावयाच्या व नारळी पौर्णिमेस पुन्हा दर्यात लोटावयाच्या. ही चाल केवळ वादळाच्या भीतीने पडली नाही. पाण्याबाहेर काढलेल्या होडीतील टेरेडो मरतो, तळाची शेवाळे व शिंपले खरवडता येतात, लाकूड वाळून पुन्हा तेल पिण्यास तयार होते. नव्याने लोटलेली होडी पहिले एकदोन दिवस पाणी घेते. मग फळ्या फुगतात आणि सांधे आपोआप आवळतात. जुना तांडेल त्या पाण्याने घाबरत नाही.

शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत आरमाराचा पाया घातला, तेव्हा ही विद्या जाणणारे हात येथे होतेच. परंतु लाकूड कोठून आणावयाचे हा राज्यकर्त्यांचा प्रश्न होता, आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात त्याचे जे उत्तर आहे ते आम्ही मराठी गद्यातील अत्यंत माणुसकीच्या मजकुरांत गणतो. आरमारासाठी सागवान वगैरे झाडे लागतील ती रीतसर परवानगीने रानातून आणावी. आंबा व फणस यांचेही लाकूड उपयोगी पडते, पण त्यांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा दोन वर्षांत होत नाहीत व रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, असा त्याचा आशय. गलबताच्या तळाचा हिशेब येथे कुळवाड्याच्या अंगणापर्यंत येऊन पोचतो.

विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत गिर्ये येथे खडकात खोदलेली आरमारी गोदी आजही पाहावयास मिळते. त्याच विजयदुर्गावर फेब्रुवारी १७५६ मध्ये काय झाले ते आपण जाणता. इंग्रजांचा ॲडमिरल वॉटसन समुद्रावरून आणि क्लाइव्ह जमिनीवरून चालून आला. पेशव्यांचे सैन्य त्यांच्या बाजूस होते. एका जहाजावर गोळा पडून आग लागली, ती एकापासून दुसऱ्यास लागत गेली आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच भस्म झाले. या प्रसंगावर राजकारणाच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या मनात मात्र एक साधा विचार येतो. एकमेकांलगत उभी असलेली ती गलबते वर्षानुवर्षे राळ, तेल व चरबी प्यालेली होती. जे पाण्यापासून वाचविते तेच आगीला सर्पण होते. हा आमचा तर्क आहे, कागदाचा पुरावा नव्हे; पण राळ पेटताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो पटेल.

आता मुंबईकडे वळू. सुरतेत बांधकामावर असलेले लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईस आले, आणि १७५० मध्ये तेथे सुकी गोदी झाली. आशियातील ही पहिली सुकी गोदी मानली जाते. तळाची डागडुजी करण्यास भरतीओहोटीची वाट पाहत जहाज कलते करण्याची गरज आता उरली नाही. सुरतेच्या सुतारांची खरी करामत सांध्यात होती. युरोपात फळ्या नुसत्या कडेला कड लावून बसवीत व फटीत ताग ठोकीत. येथे एका फळीच्या कडेस खाच पाडून तीत दुसरीची कड बसवीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरतेस आलेल्या स्टाव्होरिनस या डच दर्यावर्द्याने या कामाचे कौतुक लिहून ठेवले आहे. शिवाय लाकूड सागवान. ओकच्या लाकडातील आम्ल लोखंडी खिळे खाते. सागवानातील तेल त्यांना जपते. कर्नल वॉकर यांनी १८११ मध्ये असा दावा केला की इंग्लंडची जहाजे बारा वर्षांत बदलावी लागतात आणि सागवानी जहाज पन्नास वर्षे टिकते. हे आकडे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जातात. सांगावेत, पण वॉकरसाहेब मुंबईत जहाजे बांधावीत अशी वकिली करीत होते, हे विसरू नये. वकिलाचा आकडा थोडा फुगलेला असतो.

टेरेडोवर मात्र सागवानही पुरते पडत नाही. त्यावर इंग्रजांनी काढलेला उपाय तांब्याचा. १७६१ साली 'अलार्म' या जहाजाच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकले. ते वेस्ट इंडीजहून परतल्यावर पाहतात तो किडा नाही, शेवाळ नाही, पण जागोजागी खिळे गंजून पत्रे गळालेले! काही खिळे तेवढे शाबूत. शोध घेता आढळले की तेथे पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून राहून गेला होता. तांबे आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांस लागले की विजेचा प्रवाह सुरू होतो व लोखंड झिजते; कागदाने ती गाठ तोडली होती. ही विद्युत्क्रिया त्या वेळी कोणास उमगली नव्हती, तरी धडा मिळाला. पुढे तांबेमिश्रित धातूचे खिळे निघाले तेव्हा कोठे सारे आरमार तांब्याने मढविता आले.

मुंबईच्या गोदीसही हे तांबे विलायतेहून येई. बांधकामावर असलेल्या जहाजांसाठी तांबे घेऊन निघालेले 'जावा' हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने जिंकले आणि ते इतके मोडले होते की जाळून टाकावे लागले. मुंबईच्या सुतारांचे तांबे दूरच्या अटलांटिकच्या तळाशी गेले.

या कथेचा शेवटचा विनोद सर हम्फ्री डेव्हींच्या नावावर आहे. तांबेही हळूहळू झिजते, म्हणून १८२४ मध्ये त्यांनी त्यावर लोखंडाचे वा जस्ताचे तुकडे बसविण्याची युक्ती काढली. झीज तुकड्यांनी सोसावी, तांब्याने नव्हे. प्रयोगासाठी निवडलेले 'समरंग' हे जहाज कोचीनला बांधलेले होते. युक्ती शास्त्रदृष्ट्या अचूक ठरली, तांबे झिजायचे थांबले. आणि जहाजांचे तळ शिंपल्यांनी भरून गेले! कारण झिजणाऱ्या तांब्याचे विषच त्या जीवांना दूर ठेवीत होते. आरमाराने काही वर्षांत ही युक्ती सोडून दिली. लोखंडी जहाजांचे युग आल्यावर मात्र तीच युक्ती पुन्हा उपयोगी पडली, आणि आजच्या पोलादी जहाजांच्या तळास जस्ताचे तुकडे लावतात ते तिच्याच आधारे.

जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मुंबईत बांधलेले 'त्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. ते इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे, आणि त्याच्या मूळ सागवानाचा बराच भाग शाबूत आहे. वॉकरसाहेबांच्या आकड्यापेक्षा हा पुरावा आम्हांला अधिक वजनदार वाटतो.

मुलांच्या नौकेचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. हातभर नौकेची फळी इतकी पातळ की तिच्या सांध्यात कापूस ठोकता येत नाही. ठोकला तर फळीच चिरते. सुतारमामांनी ती आठ दिवस सावलीत वाळविली, आतून आडव्या पट्ट्या मारल्या, सांध्यांवर जुन्या धोतराचे पातळ कापड चिकटवून आतबाहेर, टोकांसकट, राळमिश्रित रोगणाचे तीन हात दिले. कोकणात आता लाकडी होड्यांवर काचतंतूंचे कापड व कारखान्यातील राळ चढवितात, त्याचीच ही धाकटी आवृत्ती. नौका पुन्हा हौदात सोडली. रात्री झोपण्यापूर्वी मुले कंदील घेऊन पाहून आली. तळाशी चमचाभर पाणी होते. मामा म्हणाले, "असू दे. उद्या फुगेल."