आबांचा चौकार आधी पोहोचतो

९ मार्च २०२५, रविवार. दुबईत भारत आणि न्यूझीलंड यांच्यात चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना चालू होता आणि मी भिलाईत एका निवृत्त सुभेदार साहेबांच्या घरी बसलो होतो. मराठा लाइट इन्फंट्रीत सगळी नोकरी केलेला माणूस. मुलगा पोलाद कारखान्यात, म्हणून म्हातारपणी सातारा जिल्हा सोडून इथल्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आले. माझी पोस्टिंग इथे झाल्यापासून महिन्यातून एकदा तरी त्यांच्याकडे पिठलं-भाकरी ठरलेली.

बाहेरच्या खोलीत टीव्हीवर डिशचं कनेक्शन, हिंदी कॉमेंट्री. आतल्या खोलीत नातू मोबाइलवर तोच सामना मराठी कॉमेंट्री लावून बघत होता. एकोणपन्नासाव्या षटकात जडेजाने चेंडू सीमापार धाडला आणि सुभेदार साहेब परेड ग्राउंडवरच्या आवाजात ओरडले, "जिंकलो!" आतून लगेच रडवेला आवाज आला, "आबा, ओरडू नका ना! माझ्याकडे अजून ओव्हर चालू आहे!"

आम्ही दोघं खूप हसलो. मग सुभेदार साहेबांनी विचारलं, "साहेब, त्याचा मोबाइल नवा, माझा डबा जुना. मग माझा चौकार आधी कसा पोहोचतो?"

त्या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर मी तिथेच दिलं. पण घरी येताना वाटलं, या अर्ध्या मिनिटाच्या मागे सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास आहे. तो लिहून काढावा.

फौजी माणसाला हे समजावणं सोपं आहे. रेडिओ नेटवर कंट्रोलने 'ऑल स्टेशन्स' म्हणून हाक दिली की नेटवरच्या प्रत्येक सेटला एकच संदेश एकाच वेळी ऐकू येतो. ऐकणारे चार असोत की चाळीस, बोलणाऱ्याला एकदाच बोलायचं असतं. प्रसारण म्हणजे हेच. आकाशवाणी, दूरदर्शन, डिश ही सगळी 'ऑल स्टेशन्स' पद्धत आहे. स्ट्रीमिंगचं तसं नाही. तिथे प्रत्येक मोबाइल स्वतः सर्व्हरला फोन लावतो आणि म्हणतो, मला पाठव. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात, ते जवळच्या सर्व्हरवर ठेवले जातात आणि तिथून प्रत्येकाला वेगवेगळे पाठवले जातात. नेटवर्क अडखळलं तर चित्र थांबू नये म्हणून मोबाइल थोडे तुकडे आधीच जमवून ठेवतो. उशीर होतो तो इथे. आपली हाक दुबईहून उपग्रहामार्गे सुमारे ३६,००० किलोमीटर वर जाऊन खाली आली तरी तिला या खटाटोपापेक्षा कमी वेळ लागतो.

आता इतिहास. आमच्या आधीच्या पिढीचं क्रिकेट कानांनी बघितलेलं. मराठी घरांत बाळ ज. पंडित आणि वि. वि. करमरकर यांच्या आवाजातलं आकाशवाणीवरचं समालोचन म्हणजे सामनाच. षटक, यष्टिरक्षक, झेल हे शब्द आपल्या तोंडी बसले ते अशा आवाजांमुळे आणि वर्तमानपत्रांमुळे. पुढे टीव्ही आला तरी कित्येक घरांत टीव्हीचा आवाज बंद आणि शेजारी ट्रान्झिस्टर चालू, अशी जोडी असायची. चित्र आणि बोलणं बरोबर जुळायचं, कारण दोन्ही 'ऑल स्टेशन्स'च होती.

टीव्हीचा आणि भिलाईच्या या परिसराचा संबंध तर बहुतेकांना ठाऊकच नसतो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारताने अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून एक मोठा प्रयोग केला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत थेट आकाशातून टीव्ही पोहोचवला. त्यात तेव्हाच्या मध्य प्रदेशातला रायपूरचा भाग होता, म्हणजे इथून तासाभराच्या अंतरावरचा. कार्यक्रम शेती, आरोग्य आणि शाळेचे. सेट कोणा एकाच्या घरी नव्हता, गावाचा होता. अख्खं गाव त्याच्यासमोर बसायचं. या देशात आकाशातून चित्र आलं ते सगळ्यांसाठी मिळून, हे मला महत्त्वाचं वाटतं.

१९८२ च्या दिल्ली एशियाडला रंगीत टीव्ही आला. २५ जून १९८३ ला लॉर्ड्सचा अंतिम सामना दूरदर्शनवर दिसला. त्याच स्पर्धेत आठवडाभर आधी कपिल देवने टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५ केल्या. त्या खेळीचं चित्रण मात्र कुठेच नाही, कारण त्या मैदानावर कॅमेरेच नव्हते. कोणता सामना दिसणार हे कॅमेरेवाला ठरवतो, ही गोष्ट तेव्हाचीच.

पण कॅमेरा कोणाचा आणि लहरी कोणाच्या, हा प्रश्न कोर्टात गेला तो १९९३ च्या हिरो कपच्या वेळी. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शनने संघटनेला पैसे देणं तर सोडाच, उलट दर सामन्यामागे ५ लाख रुपये तांत्रिक शुल्क मागितलं. परदेशी कंपनीची यंत्रं मुंबई विमानतळावर कस्टममध्ये अडकली. त्याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, २४ नोव्हेंबरला ईडन गार्डन्सवर, सचिनने शेवटचं षटक टाकलं आणि आपण दक्षिण आफ्रिकेला २ धावांनी हरवलं. आम्ही शाळकरी पोरं त्या षटकावर महिनाभर बोलत होतो. त्या स्पर्धेचा खटला पुढे देशाचा कायदा बदलेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं, आपल्या महाराष्ट्राचे. त्या निकालाचा सारांश असा, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही. पण त्याचबरोबर, त्यांचा वापर लोकहितासाठी झाला पाहिजे आणि त्यावर स्वायत्त सार्वजनिक संस्थेची देखरेख हवी, असंही न्यायालयाने म्हटलं. पहिला भाग सगळ्यांनी लगेच उचलला, कारण त्यात धंदा होता. दुसरा भाग मागे राहिला.

तो पुन्हा वर आला २००४ मध्ये. भारतीय संघ पाकिस्तानात गेला होता, हक्क खासगी वाहिनीकडे होते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ती मालिका दूरदर्शनवर दिसली. मग २००७ मध्ये कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण खासगी वाहिनीने प्रसार भारतीला द्यायचं. टीव्हीच्या जाहिरातींचं उत्पन्न ७५:२५ असं वाटायचं, मोठा वाटा हक्कधारकाचा. ज्याच्याकडे केबलचे पैसे नाहीत, त्यालाही देशाचा सामना दिसला पाहिजे, हा त्यामागचा विचार. २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं, की असं मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या ट्रान्समीटरवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवावं. खासगी केबल किंवा डीटीएचवरून नाही.

मात्र या कायद्याचं मूळ कलम वाचलं की लक्षात येतं, त्यात बंधन घातलंय ते केबलवर, डीटीएचवर आणि रेडिओवर. २००७ साली मोबाइलवर सामना बघणं कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

आणि नेमका सामना तिकडेच निघाला. २०१० चं आयपीएल यूट्यूबवर थेट दिसलं, तेव्हा ती गंमत वाटली होती. २०१५ च्या विश्वचषकाच्या तोंडावर हॉटस्टार आलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा इतका स्वस्त झाला, की बराकीतल्या जवानालाही रिचार्जचा हिशेब करावा लागेना. २०१७ च्या लिलावात फेसबुकने आयपीएलच्या नुसत्या डिजिटल हक्कांसाठी ३,९०० कोटींची बोली लावली. पण स्टारने सगळे हक्क मिळून १६,३४७.५० कोटींना घेतले. जून २०२२ च्या लिलावात पारडं फिरलं. पाच वर्षांसाठी भारतातले टीव्ही हक्क २३,५७५ कोटींना गेले, तर भारतातल्या डिजिटल हक्कांचे दोन संच मिळून सुमारे २३,७५८ कोटींना. फरक थोडा आहे, पण टीव्ही मागे पडला तो त्या दिवशी.

मग २०२३ मध्ये आयपीएल मोबाइलवर फुकट. त्याच वर्षीचा विश्वचषकही मोबाइलवर फुकट. १९ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्याला एका क्षणी ५.९ कोटी लोक एकाच ॲपवर होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन मोठी ॲप्स एक होऊन जिओहॉटस्टार झालं आणि फुकटच्या जागी वर्गणी आली. आधी सवय, मग बिल. दुकानदारीत यात गैर काही नाही. पण देशाचा सामना ही नुसती दुकानातली वस्तू नाही, असं १९९५ आणि २००७ मध्ये या देशाने ठरवलं होतं ना?

मी नव्याच्या विरोधात नाही. जानेवारी २०२५ मध्ये सियाचिनवर ४जी-५जी पोहोचल्याची बातमी वाचली तेव्हा तिथे राहिलेल्या प्रत्येक माणसासारखा मलाही आनंद झाला. आणि एक गोष्ट तर स्ट्रीमिंगनेच दिली: मराठी कॉमेंट्री. २०२३ च्या आयपीएलमध्ये केदार जाधव मराठीतून बोलत होता आणि मधेच बंगळुरूच्या संघाने त्याला खेळायला बोलावून घेतलं. भिलाईतल्या मराठी घरात, महाराष्ट्राबाहेर, मराठीतून थेट सामना ऐकू येणं हे आकाशवाणीच्या काळातही इतकं सोपं नव्हतं. सुभेदार साहेबांचा नातू शाळेत हिंदी बोलतो, गल्लीत छत्तीसगढी. 'षटकार' आणि 'यष्टिचीत' हे शब्द तो मोबाइलवरून शिकला.

पण काय गेलं, तेही सांगतो. २ एप्रिल २०११ ला मी जम्मू-काश्मीरमधल्या एका पोस्टवर होतो. एक टीव्ही, एक डिश, एक जनरेटर. खोलीत दाटीवाटीने बसलेले जवान, मागे भिंतीला टेकलेले जेसीओ, दारात लंगरचा कमांडर हातात कडची घेऊन. लाइन टेस्ट करताना 'लाइन ओके'च्या पाठोपाठ हळूच स्कोअर सांगितला जायचा, म्हणजे मोर्चावरच्या संत्रीलाही कळायचं. नियमात बसत नव्हतं. त्या रात्री मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. धोनीचा षटकार सगळ्यांनी एकाच क्षणी पाहिला आणि एकच आवाज झाला. आज कुठल्याही युनिटच्या बराकीत बघा. वीस जण, वीस मोबाइल, वीस इयरफोन. एकाच सामन्याचे आनंद अर्ध्या मिनिटाच्या अंतराने, वेगवेगळ्या खाटांवर फुटतात. मनोरंजन कक्षातला टीव्ही चालू असतो, समोर कोणी नसतं.

उपाय काय? जवानाचा मोबाइल हिसकावणं हा नव्हे. पण दोन गोष्टी करता येतील. एक कायद्याने: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांना २००७ चा नियम जसा डिशवर लागतो, तसा स्ट्रीमिंगवरही लागला पाहिजे. उद्या एखादा सामना फक्त ॲपवरच दाखवला, तर फ्री डिशवाल्या घरासाठी कायद्यात आज स्पष्ट शब्द नाही. दुसरी आपल्या हातातली: युनिटमध्ये मोठ्या सामन्याला पडदा एकच, मोबाइल बाहेर. मी इथे कॅडेट्ससाठी हे सुरू केलंय. सुरुवातीला कुरकुर झाली, आता तेच विचारतात, सर, पुढची मॅच कधी.

गेल्या महिन्यात पुन्हा सुभेदार साहेबांकडे गेलो. त्यांनी एक प्रयोग करून बघितला होता. टीव्हीचा आवाज बंद, शेजारी नातवाचा मोबाइल, मराठी कॉमेंट्री चालू. अगदी जुन्या ट्रान्झिस्टरसारखं. पण ते जमेना. टीव्हीवर फलंदाज बाद होऊन तंबूत परतायचा आणि मोबाइलवरचा समालोचक अजून त्याचं कौतुक करत असायचा.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार साहेब. टीव्ही बंद केला आणि आत जाऊन पोराशेजारी बसलो. चित्र एवढंसं दिसतं, चष्मा लावावा लागतो. पण मराठी ऐकायला मिळतं, आणि चौकार दोघांना एकदम कळतो."

जय हिंद.