पँडा, पेट्रोल आणि पंजा

ब्रिटिश पोलिसांच्या १९६०च्या दशकातल्या ‘पँडा’ गाड्या, म्हणजे फोर्ड अँग्लिया, मॉरिस मायनर वगैरे, बहुधा फिक्या निळ्या आणि पांढऱ्या रंगाच्या असत. मग हे नाव आले कोठून? कृष्णधवल छायाचित्रांत निळा रंग काळा दिसे, हे एक कारण असावे. शिवाय १९६२ साली लंडनच्या वॉटर्लू स्थानकाजवळ काळ्या-पांढऱ्या त्रिकोणांचे ‘पँडा क्रॉसिंग’ अवतरले होते, आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयातली ‘ची-ची’ ही पँडा तर घराघरांत ठाऊक होती. नाव हवेतच होते. ते गाडीला चिकटले, असे दिसते.

गंमत अशी की, मुळातला पँडा काळा-पांढरा नव्हताच. १८२५ साली क्यूव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने हे नाव दिले ते हिमालयातल्या तांबूस, मांजराएवढ्या प्राण्याला. चीनमधल्या थोरल्या पँडाकडे ते पुढे गेले. तांबडा, मग काळा-पांढरा, शेवटी निळा-पांढरा: एका शब्दाने किती रंग बदलावेत! त्याचे मूळ नेपाळीतल्या ‘पोन्या’त असावे, आणि त्याचा संबंध ‘पंजा’शी जोडला जातो. हा पंजा फारसी ‘पंज’मधला, म्हणजे आपल्या ‘पञ्च’चा सख्खा भाऊ.

आता ही गाडी जे काम करी ते पाहू. आपल्याकडच्या ‘पेट्रोलिंग’मागे फ्रेंच ‘पात्रुइये’ आहे. त्याचा जुना अर्थ चिखल तुडवत फिरणे, आणि मुळाशी ‘पात’ म्हणजे पुन्हा पंजाच! गाडीत भरायचे पेट्रोल मात्र निराळ्या कुळातले: ग्रीक ‘पेत्रा’ म्हणजे खडक, त्यातले तेल, आपल्या शिलाजिताची आठवण करून देणारे. मराठीत दोघे एकाच अक्षरांत लिहिले जातात, हा निव्वळ योगायोग.

आपली ‘गस्त’ मला अधिक देखणी वाटते. फारसी ‘गश्तन’ म्हणजे वळणे, फिरणे; त्याचे प्राचीन इराणी रूप ‘वर्त्’, म्हणजेच संस्कृत ‘वृत्’. आपली ‘वाट’ही ‘वर्त्मन्’वरून आलेली असावी. तेव्हा वाटेने गस्त घालणारा शिपाई एकाच धातूभोवती फिरत असतो. ‘पहारा’ मात्र ‘प्रहरा’तून आलेला दिसतो, तो वाट नव्हे, वेळ मोजतो.

पुढे ब्रिटनमधल्या पांढऱ्या गाड्यांच्या कडेला तांबडा पट्टा आला आणि लोकांनी त्यांना ‘जॅम सँडविच’ म्हटले. तिथे व्युत्पत्तीला काही काम उरत नाही. मुंबई-पुण्यातल्या गस्तीच्या गाड्यांना पडलेली जुनी टोपणनावे मात्र कोणाच्या स्मरणात असतील, तर त्यांनी ती जरूर लिहून ठेवावीत.