आट्यांचा इतिहास आणि एक जुनी मोटार



इतिहास म्हटला कीं तह, लढाया आणि राजघराणीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु आज मी ज्या इतिहासाविषयीं बोलणार आहें, तो आपल्या घरांतील नळाच्या तोटीवर कोरलेला आहे. तोटी उलगडून पाहिली तर तिच्या टोकाला जे बारीक वळसे दिसतात, त्यांस आपले कारागीर आटे म्हणतात. या आट्यांची वंशावळ ठाऊक नसेल तर जुनी मोटार दुरुस्त करूं पाहणाराची कशी फसगत होते, तें आज पाहूं.

उदाहरण एका मोटारीचें घेऊं. इंग्लंडांतील एम्. जी. कारखान्यानें १९४५ पासून १९४९ पर्यंत टी. सी. नांवाची दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स मोटार तयार केली. अशा सुमारें दहा हजार गाड्या निघाल्या. या गाडीच्या १२५० सी. सी. एंजिनाच्या तळाशीं तेलाचें कुंड असतें. पंप तेथून तेल उचलतो. तें गाळणींतून जातें आणि मग क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांस पोंचतें. गाळणीचा डबा एंजिनाच्या बाजूस निराळा बसवून नळ्यांनीं जोडलेला असतो. हा मूळचा डबा आतां सहसा मिळत नाहीं. म्हणून त्याच्या जागीं हातानें फिरवून बसवावयाची आधुनिक गाळणी लावण्याची युक्ति रूढ झाली आहे. अशी गाळणी मोटारीच्या सामानाच्या दुकानांत सहज मिळते. मात्र जुनें एंजिन आणि नवी गाळणी यांची सोयरीक जमविण्यास मध्यें एक जोडतुकडा लागतो, आणि सारी मेख त्याच्या आट्यांत असते.

पूर्वीं इंग्लंडांत दर कारखान्याचे आटे निराळे असत. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटांत जात नसे. १८४१ सालीं जोसेफ व्हिटवर्थ यांनीं लंडन येथील इंजिनिअरांच्या संस्थेपुढें निबंध वाचून सर्वांसाठीं एकच माप सुचविलें. त्यांच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा. हें माप आगगाडीच्या कारखान्यांनीं उचललें आणि आगगाडीबरोबर तें आपल्या देशांत आलें. नळाच्या आट्यांचें ब्रिटिश माप याच कुळांतलें. आपण ज्यास अर्धा इंची नळ म्हणतों, त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मि. मी. भरतो, अर्धा इंच म्हणजे तर १२.७ मि. मी. ! नांव पडलें तें नळाच्या पोकळीवरून, आट्यांवरून नव्हे. जुन्या इंग्रजी एंजिनांतील तेलाच्या नळ्यांचे सांधे पुष्कळदां याच मापाचे असतात.

अमेरिकेनें निराळी वाट धरली. तेथें १८६४ सालीं विल्यम सेलर्स यांनीं ६० अंशांचा कोन पुढें मांडला. दुसऱ्या महायुद्धांत या दोन राष्ट्रांस एकमेकांचीं यंत्रें वापरावीं लागलीं, आणि सुटे भाग जुळेनात. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजीं अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनीं एक सामायिक माप मान्य केलें. आजच्या पुष्कळ गाळण्यांस पाऊण इंच व्यासाचे, इंचास सोळा या हिशेबाचे आटे असतात, ते या घराण्याचे. दुसऱ्या कांहीं गाळण्या २० मि. मी. व्यासाच्या व दीड मि. मी. अंतराच्या आट्यांच्या असतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मि. मी.; नुसत्या नजरेस हा फरक कळत नाहीं.

टी. सी.च्या एंजिनांत आणखी एक गंमत आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत हॉचकिस नांवाच्या फ्रेंच कंपनीनें कॉव्हेंट्री येथें कारखाना काढला. तेथील यंत्रें अर्थातच मेट्रिक मापाचीं. १९२३ सालीं मॉरिस यांनीं तो कारखाना विकत घेतला. यंत्रें बदलण्याचा खर्च वांचवून आटे मेट्रिकच ठेवले. बोल्टाचें डोकें मात्र इंग्रजी पान्यास बसेल असें केलें. म्हणजे अंग फ्रेंच आणि पागोटें इंग्रजी! त्यांतही ८ मि. मी. जाडीच्या बोल्टास आज सर्रास १.२५ मि. मी. अंतराचे आटे मिळतात. या एंजिनास १ मि. मी. अंतराचे लागतात.

जोडतुकडा दोन-तीन फेरे गेला म्हणजे तो बसला, असें समजूं नये. चुकीचे आटे आरंभीं धरतात आणि पुढें अडतात. तेथें जोर केला तर एंजिनाच्या अंगचे आटे कायमचे मरतात. सैल बसलेला सांधा तर अधिक घातक. तेलाचा दाब चौरस इंचास चाळीस पौंडांवर गेला कीं तो गळूं लागतो आणि बेअरिंगें कोरडीं पडून थोड्याच वेळांत जळतात. म्हणून खरेदीपूर्वीं व्यास व्हर्निअरनें मोजावा, आटे पिच गेजनें तपासावे, आणि मगच बाजाराची वाट धरावी. मुंबईच्या चोरबाजारांत मिळालेल्या तुकड्यासही हीच कसोटी लावावी.

मनासारखा तुकडा न मिळाला तर? तर तो करून घ्यावा. व्हिटवर्थ यांच्या निबंधानंतर थोड्याच महिन्यांनीं, १८ जानेवारी १८४२ रोजीं, आमच्या निफाड गांवीं महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. १८९० सालीं पुण्यास औद्योगिक परिषद भरविण्यांत त्यांचा पुढाकार होता. देशानें केवळ कच्चा माल पुरवीत न राहतां पक्का माल स्वतः तयार करावा, हा त्यांचा आग्रह होता. आज त्याच निफाड तालुक्यांत ओझर येथें १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे, आणि नाशिकच्या सातपूर-अंबड भागांत लेथवर केसाएवढ्या अचूकतेनें काम करणारे टर्नर आहेत. एका टोकास जुने ब्रिटिश आटे आणि दुसऱ्या टोकास १९४८ चे, असा पोलादी तुकडा कातून देणें त्यांस अवघड नाहीं. परंतु कोणते आटे हवेत, हें सांगण्याचें काम आपलें आहे. ज्यास मागण्याचें माप ठाऊक नाहीं, त्याच्या हातीं उत्तम कारागीरही चुकीचीच वस्तु देईल.