बारा अक्षरांचा शिक्का

विंडोजवर पायथनच्या प्लॅटफॉर्म मॉड्यूलला प्रोसेसर विचारला, की फॅमिली, मॉडेल, स्टेपिंगचे आकडे येतात आणि शेवटी ‘जेन्युइनइंटेल’. चिपचं बाजारातलं नाव त्यात नसतंच. मग ‘मी अस्सल इंटेल’ असं सांगायची वेळ चिपवर का यावी?

ही अक्षरं देणारी सीपीयूआयडी सूचना १९९३ च्या पेंटियमबरोबर गाजली. त्याआधी फ्लॅग रजिस्टरमधला एखादा बिट बदलतो का, हे पाहून सॉफ्टवेअर चिप ओळखायचं.

माझा संशय कोर्टाकडे जातो. १९९१ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ‘३८६’ या आकड्यावर इंटेलचा हक्क मानला नाही. एएमडीला तोच आकडा वापरता आला आणि इंटेलच्या पुढच्या चिपचं ५८६ ऐवजी पेंटियम झालं. बाहेरचं नाव वाचवणाऱ्याने आतही शिक्का मारला, असं मी धरून चालतो.

अभियंते म्हणतील, कसला शिक्का? तीन रजिस्टरं, प्रत्येकात चार अक्षरं, एकूण बारा जागा. रोमन लिपीत ‘इंटेल’ पाचातच संपतं. उरलेल्या सात भरायच्या होत्या, एवढंच. यात तथ्य आहे. तैवानच्या यूएमसीने तर आपलं नाव तीनदा लिहून जागा भरली! पण भरायला सात अक्षरी शब्द हजार होते; नेमका ‘जेन्युइन’च का? प्रतिस्पर्ध्यांना रोख बरोबर कळला होता. एएमडीने ‘ऑथेंटिकएएमडी’ लिहिलं, सायरिक्सने ‘सायरिक्सइन्स्टेड’. एएमडीच्या के५ च्या सुरुवातीच्या नमुन्यांत तर ‘एएमडीइजबेटर!’ होतं, उद्गारचिन्ह धरून बरोब्बर बारा.

ही अक्षरं वाचायचा क्रमही विचित्र: ईबीएक्स, ईडीएक्स, मग ईसीएक्स. वेंधळेपणा वाटतो, पण मशीन कोडमध्ये ईसीएक्सचा क्रमांक १, ईडीएक्सचा २, ईबीएक्सचा ३. कुणीतरी शेवटाकडून मोजत आलं, हा माझा तर्क.

पुढे शिक्क्याचा पहारेकरी झाला. इंटेलच्या कंपायलरने बांधलेले प्रोग्रॅम ही बारा अक्षरं तपासून इतरांच्या चिपना संथ वाटेने पाठवत. अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी २०१० मध्ये झालेल्या तडजोडीत हाही मुद्दा होता.

चिपचं खरं नाव हवं, तर एएमडीने सुरू केलेली ४८ अक्षरांची वेगळी पाटी वाचावी लागते. इंटेलने ती पेंटियम ४ पासून उचलली. तिथे रजिस्टरांचा क्रम ए, बी, सी, डी असा सरळ आहे. ती पाटी लिनक्सवर प्रोक फोल्डरातल्या सीपीयूइन्फो फाइलमध्ये ‘मॉडेल नेम’ ओळीत मिळते, विंडोजवर रजिस्ट्रीतल्या ‘प्रोसेसरनेमस्ट्रिंग’मध्ये. स्क्रिप्टने वाचायचं ते हेच. प्लॅटफॉर्म मॉड्यूल लिनक्सवर कित्येकदा कोरं उत्तर देतं.