मुळांवरचा पिठ्या ढेकूण (झेनोकॉकस अनॅन्डेली)

झाडांच्या मुळांतील रस शोषून जगणारा आणि आयुष्यभर ॲक्रोपायगा प्रजातीतील मुंग्यांच्या सहवासात जमिनीखाली राहणारा कीटक. अर्धपंखी गणातील या कीटकाचा समावेश पूर्वी पिठ्या ढेकणांच्या स्यूडोकॉसिडी कुलात होत असे. अलीकडे मुळांवरील अशा जातींचे ऱ्हायझोइसिडी हे स्वतंत्र कुल मानले जाते. ओडिशातील चिलिका सरोवरातल्या बारकुडा बेटावर मिळालेल्या नमुन्यांवरून इटालियन कीटकशास्त्रज्ञ फिलिप्पो सिल्व्हेस्त्री यांनी 1924 मध्ये या जातीचे वर्णन केले आणि भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अनॅन्डेल यांचे नाव तिला दिले. अनॅन्डेल यांचे निधनही त्याच वर्षी झाले.

मादीला पंख नसतात. डोके व वक्षाचा भाग फुगीर, पोट मागे निमुळते होत गेलेले आणि स्पर्शिका म्हणजे मिशांसारखे अवयव शरीराच्या मानाने बरेच लांब, अशी तिची ठेवण असून एरवीच्या पिठ्या ढेकणांच्या अंगावर दिसतो तसा मेणाचा जाड कापसी थर तिच्यावर नसतो. तिच्या सोबतीला असणारी ॲक्रोपायगा ॲक्युटिव्हेन्ट्रिस ही पिवळसर, बारीक डोळ्यांची मुंगी अन्नासाठी सहसा जमिनीवर येत नाही. मुळांतील रसात साखर पुष्कळ आणि नत्रयुक्त द्रव्ये थोडी असल्यामुळे ढेकणाला रस भरपूर प्यावा लागतो व जास्तीची साखर गोड, चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. हा मधुरस हेच मुंग्यांचे मुख्य अन्न होय. बदल्यात मुंग्या ढेकणांना मुळांवर नेऊन बसवतात आणि वारूळ उघडे पडले, तर स्वतःच्या अळ्यांइतक्याच तत्परतेने त्यांना जबड्यात उचलून आत नेतात.

या भागीदारीचा सर्वांत विलक्षण भाग नव्या वारुळाच्या स्थापनेत दिसतो. ॲक्रोपायगाची तरुण राणी मीलनासाठी उड्डाण करते, तेव्हा जन्मवारुळातील एक ढेकूण जबड्यात धरून सोबत नेते. ही ढेकूण-मादी बहुधा प्रजननक्षम असते आणि तिच्यापासूनच नव्या वारुळातील ढेकणांची पैदास होते. लेकीबरोबर दुभती गाय आंदण द्यावी, तसाच हा प्रकार आहे. डॉमिनिकन प्रजासत्ताकात मिळालेल्या, सुमारे दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात, म्हणजे अश्मीभूत राळेत, ॲक्रोपायगा मुंग्या अशाच ढेकणांसह अडकलेल्या आढळल्या आहेत. त्यांच्या जाती वेगळ्या असल्या, तरी संबंधाची प्राचीनता त्यावरून कळते.

दक्षिण भारतातील द्राक्षवेलींच्या मुळांवर या जातीची नोंद 1997 मध्ये प्रसिद्ध झाली. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज, कासेगाव, बार्शी या द्राक्षपट्ट्यात मात्र शेतकरी ज्याला ‘मिलीबग’ म्हणतात, तो बहुतेक वेळा मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस हा गुलाबी पिठ्या ढेकूण असतो. तो खोड व ओलांड्यांच्या, म्हणजे आडव्या फांद्यांच्या, सैल सालीखाली दडतो, कोवळे शेंडे आखडवतो, घडांत शिरून मधुरस सांडतो व त्यावर काळी बुरशी वाढून माल विक्रीतून बाद होतो. त्याच्याभोवतीही मुंग्यांची वर्दळ असते, पण ती सोयीपुरती, कारण मुंग्या नसल्या तरी तो जगतो. झेनोकॉकसाचे तसे नाही. मुंग्यांवाचून तो टिकत नाही, असे मानले जाते. दोघांना एकाच नावाने ओळखून एकच फवारणी लागू करणे म्हणूनच चुकीचे ठरते.

गुलाबी ढेकणाविरुद्ध सैल साल काढणे, मुंग्यांची वाट तोडणे आणि क्रिप्टोलीमस मॉन्ट्रुझिएरी हे ढेकूणभक्षक भुंगेरे सोडणे हे उपाय चालतात. ऑस्ट्रेलियातील हा भुंगेरा 1898 मध्ये भारतात आणला गेला. मुळांवरच्या ढेकणापर्यंत ना फवारा पोचतो, ना भुंगेरा. खत-पाणी व्यवस्थित असूनही वेल मलूल दिसत असेल, तर पानांवरून निदान न करता बोदाची, म्हणजे वेलीखालच्या उंच वाफ्याची, माती उकरून पांढरी मुळे तपासावीत. तेथे फिकट ढेकणांबरोबर पिवळ्या मुंग्या दिसल्यास दोन्ही कीटकांचे नमुने एकत्र जपून कीटकशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून घ्यावी आणि मगच जमिनीत द्यावयाच्या औषधाचा निर्णय करावा.